मिशनची घंटा वाजवली ती मीच

बायांनो, आज म्युझियममध्ये बोलणी खायला गेले आणि मान घेऊन आले.

टॅम्पिनीसच्या घरून निघतानाच सूनबाईने बजावलं होतं, “आई, तिथे कशालाही हात लावायचा नाही. नाहीतर पुढच्या वेळी तुम्ही घरीच.”

फिलिपीन्समधल्या एका जुन्या स्पॅनिश मिशनच्या जागी गावाचं म्युझियम आहे. तिथल्या वस्तू इथल्या म्युझियममध्ये प्रदर्शनाला आल्यात. पाद्र्यांची भलीमोठी घंटा अगदी दारातच टांगलेली. दारात घंटा दिसली की आपला हात वर जातोच की! चपला काढल्या आणि दिली ठणकावून.

गार्ड धावत आला. सून पुटपुटली, “झालं! आता बसा घरी.”

तेवढ्यात वस्तूंसोबत आलेली त्या गावच्या म्युझियमची मुख्य बाई हसत पुढे आली. सुनेला इंग्रजीत म्हणाली, “इथे आल्यापासून सगळे या घंटेला नुसते बघूनच जातात. आजींना सांगा, अजून एकदा.”

नातू इथल्या पोरांसारखं शेवटी ‘लाह’ लावून ओरडला, “आजी, जोरात लाह!”

पदर खोचला आणि सगळ्यांदेखत वाजवली. गार्डनेसुद्धा टाळ्या वाजवल्या.

परतताना एमआरटी ट्रेनमध्ये सून म्हणते, “आई, पुढच्या रविवारीही याल ना?”

म्हटलं, “बघते. घंटा आहे का तिथे?”

खरं सांगा गं, तुमचा हात खाली राहिला असता?