उसने बाप

आमच्या फुलचूरकडच्या कॉलेजात बी.एस्सी. होतं, रसायनशास्त्राची प्रयोगशाळा होती, तिला कुलूपही होतं. शिकवणारं माणूस तेवढं नव्हतं. मी वनस्पतिशास्त्राचा, तोही तासिकेवरचा. अधूनमधून रसायन शिकवायला जायचो आणि मुलींसमोर तोंडघशी पडायचो.

दर्जा ठरवायला बाहेरून समिती येणार म्हटल्यावर मला खुळ्यासारखा आनंद झाला. समिती पालकांशीही बोलते. शेवटच्या वर्षातल्या एका मुलीच्या वडिलांना मी बोलावून घेतलं. ते कचारगडाकडचे, धान पिकवणारे. पोरीला प्रयोग करायला मिळावेत म्हणून नेहमी माझ्या मागे लागायचे. म्हटलं, तुम्हीच सांगा त्यांना.

ते पहिल्या बसनं आले, इस्त्रीचा सदरा घालून. हॉल भरलेला. संस्थेचे अध्यक्ष म्हणजे आमच्या भागातले पुढारी, सगळ्यांचे भाऊ. त्यांचेच कार्यकर्ते पालक होऊन बसले होते. त्यातल्या काहींची तर लग्नंही व्हायची होती. दारावरच्या माणसानं ह्यांना अडवलं, "जगह नहीं है काका, बाहर बैठो."

"सर, माह्या पोरीचंच बोलून राहिले न आत? मंग मी काऊन बाहेर?"

मी तणतणत प्राचार्यांकडे गेलो. ते हळूच म्हणाले, "भाऊंचा वर फोन झालाय. तू आपली नोकरी सांभाळ." माईकवर एक उसना बाप सांगत होता, "माझी मुलगी इथल्या प्रयोगशाळेत घडली." समिती मान डोलवत होती. दुपारी प्रयोगशाळा पाहायची होती. त्याऐवजी भाऊंच्या गाड्या समितीला कचारगडच्या गुहा दाखवायला घेऊन गेल्या. मुलीचे वडील मात्र व्हरांड्यात समितीची वाट पाहत बसून राहिले.

'अ' दर्जा मिळाला. चौकात भाऊंचा फ्लेक्स लागला. त्यांची पोरगी एकही प्रयोग न करता पदवीधर झाली.

नव्या प्रवेशांच्या वेळी ते पुन्हा आले, धाकटीला घेऊन. चेहरा फुललेला. "बोर्ड पाह्यला जी सर. 'अ' भेटला म्हणते. आता मास्तर येईल. लहानीलेबी इथंच टाकतो."

मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. फोन, कार्यकर्ते, गुहा. काहीही बदललेलं नाही, मुलीला दुसरीकडे घाला, असं अक्षरशः हात जोडून सांगितलं.

ते समजुतीनं हसले. "एवढे मोठे सायेब पाहून गेले न जी. तुमी तासिकेवरचे, तुमाले कोन सांगते?"

आणि धाकटीचा दाखला सांभाळत रांगेत जाऊन उभे राहिले.