सायखेड्याची किटली आणि अकरा पाइप

गाडी दुरुस्त व्हायला दोन दिवस लागतात, पण तिचे किस्से वीस वर्षं पुरतात! नाशिकच्या द्वारका चौकाजवळ यासीनभाईंच्या गॅरेजात मी वायरिंगची कामं करायचो. तिथले किस्से सांगायला बसलो तर चहाचे तीन राऊंड होतील. म्हणून आज एकाच गाडीचे सांगतो.

पंचाण्णव-शहाण्णवची गोष्ट. सायखेड्याच्या भाऊसाहेबांनी हौसेनं एक जुनी परदेशी स्पोर्ट्स कार घेतली. दोन दारं, लाल रंग, पळायला वारा! पण जरा चढ लागला की बॉनेटमधून वाफ. गावानं तिचं नाव ठेवलं 'किटली'.

भाऊसाहेबांचे वडील आबा दरवर्षी सप्तशृंगी गडावर जायचे. पोराला लोक हसतात म्हटल्यावर म्हातारा पेटला. "आता गडावर जाईन तं पोराच्याच गाडीत. नायतर नाय!" दोन वर्षं झाली, आबांना देवीचं दर्शन नाही. वय ऐंशीच्या पुढे. भाऊसाहेबांच्या जिवाला घोर लागला.

*

यासीनभाईंनी बॉनेट उघडलं आणि नुसते बघत राहिले. आधीच्या प्रत्येक मालकानं आपापल्या अकलेनं एकेक पाइप वाढवलेला. हीटरचे, रेडिएटरचे, कशाचे कुणास ठाऊक! मोजले तर अकरा.

"भाऊसाहेब, इसमें पानी जाता किधर से, आता किधर से, खुद पानी को मालूम नहीं!"

*

मग ठरलं, पाइप कमी करायचे. यासीनभाईंनी पहिला घाव हीटरवर घातला. "नाशिकमध्ये हीटर कशाला? गाडी स्वतःच तापतीये की!" आम्ही सगळे हसलो. हीटरचे दोन्ही पाइप काढले, तोंडं बूच मारून बंद केली.

ट्रायलला निघालो आणि द्वारका चौकाच्या ऐन मध्यात किटली उकळली. मागे ट्रक, पुढे रिक्षा. ट्रॅफिक हवालदार धावत आला, वाफ बघितली आणि म्हणाला, "चहा झाला असेल तर बाजूला घ्या!"

ढकलत आणली परत. यासीनभाईंनी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही. सगळे पाइप बोटानं पुन्हा चाचपले. इंजिन तापून रेडिएटरकडची झडप उघडेपर्यंत यातलं पाणी हीटरच्याच वाटेनं फिरायचं, आणि नेमकी तीच वाट आम्ही बुजवली होती.

तीस वर्षं गाड्या दुरुस्त करणारा उस्ताद, पण भाऊसाहेब आल्यावर सगळ्यांदेखत म्हणाला, "गलती माझी. गाडीची नाय." मला तेव्हा त्या माणसाचा फार अभिमान वाटला.

*

हीटर परत बसला. एक पाइप जाणारा, एक येणारा. रेडिएटरचे दोन. अकराचे चार झाले! आता कूलंट भरायचं, तेवढ्यात आबा हजर. हातात तांब्या. रामकुंडावरून गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पाणी आणलेलं.

"हेच भरा. दुसरं पाणी नको."

भाऊसाहेबांनी यासीनभाईंकडे बघितलं. बापाला नाही कोण म्हणणार? नदीचं पाणी आत गेलं तर गंज चढणार, हे आम्हाला दिसत होतं. यासीनभाईंनी हात पुसले, तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि विचारलं, "आबा, तीर्थ पळीभरच घेतात ना?"

आबा थबकले. मग हसले. पळीभर पाणी आत गेलं, उरलेलं चारी चाकांवर.

*

वैशाखात निघालो. भाऊसाहेब चालवायला, शेजारी आबा, मागच्या चिमुकल्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून मी आणि यासीनभाई. गडाच्या पायथ्याशी, नांदुरीपर्यंत तापमानाचा काटा जागेवर. घाट लागला आणि काटा सरकायला लागला.

"हीटर फुल करा!" यासीनभाई ओरडले. इंजिनाची उष्णता थोडी तरी गाडीत काढून घ्यायची, एवढाच उपाय होता.

वैशाखातलं ऊन आणि वरून हीटर! काचा खाली, तरी भट्टीच. आबांच्या गालावरून घामाच्या धारा. भाऊसाहेबांना बघवेना. "आबा, थांबवू का? तुमाला सोसायचं नाय."

"थांबू नको," आबा म्हणाले. "चढाला बैल थांबवत नाय कुनी."

काटा लाल रेघेला टेकला आणि तिथंच थांबला. आम्ही वर पोचलो! यासीनभाईंनी माझी पाठ इतकी जोरात थोपटली की दोन दिवस दुखत होती. भाऊसाहेब स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होते, लाज न बाळगता.

आबा उतरले. सदरा पिळून काढावा इतका ओला. मी धावत हॉटेलातून गार पाण्याचा पेला आणला. त्यांनी तो हातात घेतला, पण ओठाला लावला नाही.

"आधी हिला पाजा."

यासीनभाई म्हणाले, "आबा, तापलेली हाय. आत्ता टोपण नाय उघडता येत. अर्धा तास तरी थांबावं लागंल."

आबांनी पेला बॉनेटवर ठेवला आणि गाडीला पाठ टेकून सावलीला बसले.

"मंग आमी दोघंबी थांबतो."