न दिलेला विश्राम

आमच्या शाळेच्या स्काउट टोळीचा मी नायक झालो तेव्हा अकरावीत होतो. वडील भरवेलीच्या खाणीत कामाला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सहावीच्या पुढे गेलं नव्हतं, त्यामुळे खिशावर शिवलेल्या त्या दोन पट्ट्या आईला कलेक्टरच्या वाटत.

"हे काहून घेतलं डोक्यावर?" ती म्हणायची. "दुसऱ्याची लेकरं सांभाळनं सोपं हाय काय?"

टोळीत माझ्यासकट आठ जण. आठवा सगळ्यात लहान, नुकताच आलेला. आमच्याच वॉर्डातल्या एका बाईचा एकुलता एक. हट्ट्याच्या बावलीला, म्हणजे तिथल्या जुन्या पायऱ्यांच्या विहिरीवर, सहल ठरली तेव्हा त्या बाई दारात आल्या, मुलाचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या भरोशावर धाडतो. पाण्यापाशी जाऊ देजा नोको."

"हौ काकू," मी म्हणालो. मला त्या वयात भाऊ म्हणणारी ती पहिली मोठी बाई.

हिवाळ्यातला रविवार होता. बसमधून उतरून आमच्या स्काउटच्या सरांनी गावाबाहेरच्या आमराईत चूल मांडली आणि आम्हाला माग काढायच्या खेळाला पाठवलं. नायकाने खडूने दगडांवर बाण काढत पुढे जायचं, टोळीने बाण पाहत मागून यायचं. जिथे खेळ संपतो तिथे गोल काढून आत टिंब द्यायचं. त्याचा अर्थ, मी घरी गेलो. सर्वांत मागच्याने सगळ्या खुणा पुसत यायचं, नाहीतर दुसरं कोणी त्या वाटेला लागतं. पुसायचं काम मी आठव्याला दिलं. त्याला ते फार मोठं वाटलं. ओलं फडकं छातीशी धरून तो उभा होता.

"नायक साहेब, त्याले फडकं देलं, आता तो रस्ताबी पुसून टाकीन," आमचा उपनायक म्हणाला. सगळे हसले.

मी बाण काढत बावलीच्या तोंडापर्यंत गेलो. तिथल्या पहिल्या पायरीवर गोल काढला, टिंब दिलं. खाली कमानींच्या आत अंधार होता आणि भर दुपारी तिथून गार हवा वर येत होती. एकही पायरी न उतरता मी शेतातून आमराईत परतलो.

अर्ध्या तासाने टोळी आली. सरांनी हाक दिली, "नायक, रिपोर्ट!" मी टोळीकडे पाठ करून सरांसमोर उभा राहिलो, तशी पद्धतच होती, आणि ओरडलो, "टोली, सावधान! गिनती कर!"

माझ्या एकनंतर मागून आवाज आले. दो. तीन. चार. पाच. छे. सात. आणि मग बारीक, जरा लांबून, आठ.

मी सॅल्यूट केला. "आठ में आठ हाजिर, सर."

"चला, खिचडी गार होते," सर म्हणाले, आणि आम्ही धावलोच. पळसाच्या पत्रावळी मांडल्या, आठ. सात जण बसले. आठव्या पत्रावळीवर उपनायकाने खिचडी वाढली आणि हात तसाच धरून राहिला.

"हे कोनाचं?"

सातव्या नंबरचा पोरगा पांढरा पडला. "माह्या मागं कोनीच नव्हतं," तो म्हणाला. "पन आठ त मीबी आयकलं."

सर म्हणाले, "तूच पुढे चल." ते धोतर खोचत माझ्यामागे निघाले. शब्दाने रागावले नाहीत. मला मात्र त्या बाईंनी दिलेला हात आपल्या हातात जाणवत होता.

वाटेतले सगळे बाण पुसलेले होते, एकही राहिला नव्हता. बावलीच्या तोंडाशी माझा गोलही पुसलेला. पण त्याच्या खालच्या पायरीवर एक ओला पांढरट डाग होता. तिच्या खालच्या पायरीवरही. मी तिथे काही काढलं नव्हतं. खडू माझ्या खिशात होता, टोळीत दुसरा नव्हता. तरी डाग खाली खाली जात होते.

आठवा शेवटच्या कोरड्या पायरीवर उभा होता, पाण्याकडे तोंड करून. टाचा जुळलेल्या, मुठी मांड्यांशी, नजर समोर. मी हाक मारली तर मान वळेना. जवळ जाऊन दंड धरला तर लाकडासारखा.

"अरे, चल ना!"

"तुमी विश्राम नाही देला," तो ओठ न हलवता बोलला.

खरंच होतं. सॅल्यूटनंतर विश्राम द्यायचा राहिला होता. खिचडीच्या नादात कोणाच्या लक्षातही आलं नाही. पण आमराई तिथून इतकी लांब, की सरांची शिट्टीसुद्धा पोचली नसती.

"विश्राम," मी म्हणालो. पोरगा एकदम सैल पडला आणि रडू लागला.

"एक पुसला का खाली दुसरा बान दिसे," तो सांगत होता. "तुमीच काढले म्हून मी उतरत गेलतो. मंग गिनती आयकू आली. मी आठ म्हनलं आन् थांबलो."

त्याच्या पायापुढची पायरी पाण्याखाली होती. वीतभर पाण्यातून तिच्यावर खडूचा गोल दिसत होता, मधोमध टिंब. माझे गोल नेहमी डाव्या बाजूला चेपल्यासारखे यायचे. हाही तसाच होता. सरांनी तो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पोराला कडेवर उचलून वर निघाले.

वर आल्यावर मी पट्ट्या उसवायला लागलो. "न पाहता रिपोर्ट दिला, सर."

"राहू दे त्या," सर म्हणाले. "आजपासून हात लावून मोज." पुढे माझ्या कॉलेजची फीमाफी त्यांनीच लिहून आणली, पण शिकवण म्हणून मला आधी हेच वाक्य आठवतं.

बसजवळ मी एकेकाच्या डोक्याला हात लावला. माझं धरून आठ. मग नियमाप्रमाणे सावधान म्हणून गिनती घेतली, या वेळी तोंड टोळीकडे करून. आठव्याचे ओठ हलताना पाहिले. आता फक्त विश्राम म्हणायचा होता, आणि तो शब्द तोंडातून निघेना. माझं सावधान तिथवर पोचतं हे कळलं होतं. ते ऐकून खाली आणखी कोण उभं असेल, कोणास ठाऊक; विश्राम म्हटलं की तेही सुटलं असतं.

पोरांना मी तसंच, ताठ, बसमध्ये चढवलं.

संध्याकाळी त्या बाई दारातच होत्या. मी काहीही न लपवता सगळं सांगितलं. त्यांनी खाली बसून मुलाचे दोन्ही पाय चाचपले. कोरडे होते.

"विश्राम देला काय मंग, भाऊ?" त्यांनी विचारलं.

"याले देला," मी म्हणालो.

त्यांनी मुलाला आत घेतलं आणि दार लावलं.