खानावळवाल्यांची एकी

एकी म्हटलं की नागाबाई विरघळायची. त्यात तिचा काय दोष? भूकंपानं नवरा नेला, सासू नेली, घराचा ढिगारा केला. उरली ती आणि काखेतली लेक, राजकन्या. किल्लारीकडच्या पत्र्याच्या शेडात बायांनी एकच चूल मांडली होती. कुणाचं पीठ, कुणाचं तेल, कुणी विचारत नव्हतं. जे शिजेल ते सगळ्यांच्या पोरांना. त्या चुलीनं तिला जगवलं, आणि एकी म्हणजे हेच, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं.

पुढं ती लातूरला आली. तेव्हा लातुरात क्लासेसचं पेव फुटलं होतं. नांदेड, परभणी, बीड, कुठकुठली पोरं ट्रंका घेऊन उतरत होती. ज्याच्या घरात दोन खोल्या जास्त, त्यानं खाटा टाकल्या. जिच्या हाताला चव, तिनं खानावळ काढली. नागाबाईनंही काढली. तिची गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पोरांना आवडायची. राजकन्या शाळेत जाऊ लागली. बरं चाललं होतं म्हणा.

मग साहेबरावाच्या डोक्यात किडा वळवळला. गल्लीतली सगळ्यात मोठी खानावळ त्याची, दोन मजली. त्यानं सगळ्या खानावळवाल्यांना महादेवाच्या देवळात बोलावलं.

"आपण एकमेकांचे पाय ओढून मरून राहिलो," तो म्हणाला. "आता एकी पायजे. भाव सगळ्यांचा एक. अन् एकाची खानावळ सोडून आलेलं पोरगं दुसऱ्यानं घ्यायचं न्हाई. हाव का न्हाई?"

नुसत्या 'हो'ला कोण विचारतंय? त्यानं पिंडीवरचा बेल आणि भंडारा ताटात पुढं केला. आमच्याकडं बेलभंडारा उचलला की संपलं, कोर्टातला कागद त्यापुढं काहीच नाही. गल्लीतलाच दुसरा खानावळवाला वीरण्णा जरा घुटमळला. नागाबाई मात्र पदर सावरत सगळ्यांच्या आधी उठली. बाई गं, जरा थांबायचं होतंस!

तिच्याकडं राघवेंद्र सर जेवायला असायचे, कॉमर्सचे. तिनं कौतुकानं त्यांना सगळं सांगितलं. सर हसले.

"मावशी, याला पुस्तकात कार्टेल म्हणतात."

"म्हंजी?"

"ज्यांनी गिऱ्हाइकासाठी एकमेकांशी झुंजायचं, त्यांनीच गुपचूप बसून भाव ठरवायचा. गिऱ्हाइकाला पळायला वाट ठेवायची नाही. तेलाचे देश करतात, सिमेंटवाले करतात. कायद्यानं बंदी आहे त्याला."

"आवो, आम्ही एकी केली. सिमेंट कुठं करून राहिलो?"

"तुमच्या शेडातल्या एकीनं पोरांच्या तोंडात घास घातला. ही काढून घेईल. आणि ही टिकतही नाही. आतलाच कुणीतरी मागच्या दारानं फोडतो." एवढं बोलून सरांनी ताक मागितलं. शहाणा माणूस! सांगितलं, ढेकर दिली, गेला.

बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर मनस्विनी दारात उभी राहिली. मुदखेडची पोर. बाप तिथल्या शाळेत शिपाई. साहेबरावाच्या खानावळीत डाळीत किडे निघाले, ही सगळ्यांसमोर बोलली, त्यानं ताटावरून उठवलं. मग तिनं गल्ली पालथी घातली. सगळ्यांनी हात जोडले. खोलीत स्टोव्ह लावायला घरमालकाची मनाई. पोर बिस्किटं पाण्यात बुडवून खात होती.

"मावशी, परीक्षा होईपर्यंत एक वेळचं द्या. आत बसत न्हाई, दारात खाते."

तव्यावर भाकरी टम्म फुगलेली. नागाबाईचा हात त्या भाकरीकडं गेला आणि तिथंच थांबला. तिच्या नवऱ्यानं बांधाच्या भांडणात बेलभंडारा उचलला होता. खोटा उचलला, असं अख्खं गाव म्हणायचं. त्याच साली जमीन हादरली. तिनं मनाशी जोडून टाकलं: त्याच्या खोट्या शपथेनं घर गाडलं. आता तिनं शपथ मोडली तर? कोपऱ्यात राजकन्या अभ्यास करत बसली होती. तिच्याकडं बघून नागाबाईनं हात मागं घेतला.

"न्हाई गं बाई," ती म्हणाली. "माझ्याच्यानं न्हाई व्हायचं."

पोर दारातून मागं सरली. भाकरीकडं एकदा बघितलं आणि गेली. ती भाकरी तव्यावरच करपली.

नंतर नागाबाईला घास गोड लागेना. जळो ते जेवण! दोन दिवस तळमळून ती साहेबरावाच्या पाया पडायला निघाली, एवढ्या एका पोरीपुरती सूट मागायला. चारचौघांत नको म्हणून मागच्या दारानं गेली. तर परसात पंगत बसलेली. पोरं वीरण्णाच्या खानावळीतली.

"मावशी, वीरण्णाअण्णाला सांगू नका हं," एक जण घास गिळत म्हणाला. "इथं आमाला स्वस्तात देतेत. कधीपासून."

साहेबराव बाहेर आला. दचकलासुद्धा नाही.

"अवं, अन् बेलभंडारा?" तिनं विचारलं.

"तो लोकायला बांधायला असतोय, नागाबाई. धंदा येगळा."

तिनं वर बघितलं. दोन मजले. भिंतीला चीर नाही, पोपडा नाही. ज्यानं शपथ घालायला ताट धरलं, त्यानंच ती मोडली होती आणि पाय पसरून झोपत होता. इतकी वर्षं तिनं मेलेल्या नवऱ्याच्या नावानं बोटं मोडली होती. सणाला त्याला नैवेद्यसुद्धा दाखवला नव्हता! बिचाऱ्याचं काय चुकलं होतं? काळ्या दगडाचं, मातीत रचलेलं घर, त्याच्याच अंगावर पडलं. आणि त्याच भीतीपायी तिनं उपाशी लेकराला दारातून हाकललं.

"माझ्या हाताला लकवा का भरला न्हाई," असं बडबडतच ती घरी धावली. भाकरी थापल्या, चटणी बांधली आणि पोरीची खोली गाठली. खाट रिकामी. घरमालक म्हणाला, "काल क्लासमधी चक्कर येऊन पडली. सलाईन लावलं. बाप आला अन् घेऊन गेला."

"अन् परीक्षा?"

"उद्या पयला पेपर हाय. पर तिला उभंच राहता येईना."

दुसऱ्या दिवशी नागाबाईनं पहिली एसटी धरली. नांदेडला उतरून मुदखेडची गाडी पकडली. मांडीवर डबा घट्ट धरून ठेवला. इकडं लातुरात घंटा वाजली असेल, पोरं पेपर लिहीत असतील, आणि ती उलट्या दिशेला चाललेली. रस्ताभर एकच मागणं: देवा, पोरीनं एक घास खाऊ दे.

मनस्विनी भिंतीकडं तोंड करून निजली होती. बाप उंबऱ्यावर बसलेला. कोण, कुठली, त्यानं विचारलंही नाही. नागाबाई पोरीजवळ बसली. डबा उघडला, भाकरी कुस्करली, घास तिच्या तोंडाजवळ नेला.

"खा गं माय. ताज्या पिठाची हाय. माझं चुकलं."

पोरीनं कूस बदलली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तेच नागाबाईला सोसेना.

"भूक त्या दिवशी लागली व्हती, मावशी," ती म्हणाली, आणि परत भिंतीकडं वळली.