आतोबा हवा काढतात

हवेचा इतका कट्टर वैरी सबंध हैदराबाद संस्थानात दुसरा झाला नसेल, असे मी आमच्या आतोबांबद्दल खात्रीने सांगते. महसूल कचेरीतले हे शेरवानीतले शांत गृहस्थ एका जुन्या, दोन सीटच्या स्पोर्ट्स कारची सेवा करीत. विलायतेला परतलेल्या कुणा साहेबाकडून ती त्यांच्याकडे आली होती. इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात हवा अडकली की गाडी तापायची, आणि हवा दर आठवड्याला अडकायची. मग रविवारी सकाळी चिक्कडपल्लीच्या त्यांच्या घरासमोरच्या चढावर नाक वर करून गाडी उभी राही. आतोबा रेडिएटरचे झाकण काढून नरसाळ्याने सावकाश पाणी ओतत, गाईचे आचळ दाबावे तशी रबरी नळी दाबत आणि डोळे मिटून बुडबुडे ऐकत. एकदा ऐन वेळी कचेरीतले वरिष्ठ भेटायला आले, तर "थोडी हवा राहिलीय, बसा," म्हणून त्यांना अर्धा तास ओट्यावर बसवले. आत्या म्हणे, "माझं एवढं कधी ऐकलं असतं तर."

माझ्या वडिलांना मात्र ती गाडी आणि तिचा मालक, दोघेही डोळ्यांसमोर नको असत. वडील सत्याग्रह करून तुरुंगात गेले. आतोबा निजामाच्या नोकरीत राहिले. या नोकरीपायी वडिलांनी तुरुंगात जाण्याआधीच बहिणीच्या घरी जाणे सोडले होते.

संस्थान विलीन झाले आणि वडील सुटणार असे कळले, त्या सकाळी आतोबा न बोलावता नारायणगुड्याला आमच्या दारात आले. मी तेव्हा कॉलेजात होते. "चल, वडिलांना आणू," एवढेच म्हणाले. तुरुंगाच्या दारात उभे असलेले वडील ओळखू न येण्याइतके वाळले होते. गाडी पाहून थबकले, पण चालायचे त्राण नव्हते, म्हणून मुकाट बसले. मी मागे, गुंडाळलेल्या टपावर. मलकपेठ ओलांडण्याआधीच बॉनेटमधून वाफ आली.

वडील उतरून झाकणाला हात घालू लागले.

"नक्को, भाजाल. आधी निवू द्या," आतोबांनी अडवले.

तासभर दोघे शेजारी शेजारी उभे राहिले. मी समोरच्या हॉटेलातून बादलीभर पाणी आणले. मग आतोबा म्हणाले, "मेहुणे, आत बसा. इंजिन चालू करून ॲक्सिलरेटर हलका दाबून धरा."

निजामाचा हुकूम मोडून तुरुंगात गेलेल्या माझ्या वडिलांनी हा हुकूम निमूटपणे पाळला. आतोबा नळी दाबत राहिले, पाण्यातून बुडबुडे येत राहिले.

"निघाली का?"

"निघतेय. बरीच आहे."

थोड्या वेळाने वडिलांनी विचारले, "मी आत असताना घरी धान्य कोण पोचवत होतं?"

मी मान खाली घातली. सांगू नकोस, असे आईने मला बजावले होते. सरकारी नोकराने सत्याग्रह्याचे घर चालवणे म्हणजे नोकरी गेलीच, आणि वर तुरुंगही.

आतोबांनी मान वर केली नाही. "हळू. जास्त दाबू नका."

गाडी निघाली तेव्हा वडील म्हणाले, "आधी चिक्कडपल्लीला घ्या."

आता दोघेही नाहीत. गाडीही कधीच विकली गेली. आत्याने त्या दिवशी दार उघडले आणि भावाचा हात धरून ती त्याला आत घेऊन गेली. मीही मागोमाग गेले. आतोबा मात्र बराच वेळ बाहेरच, गाडीला टेकून चष्मा पुसत उभे होते.