रिकामी जागा भरू नका

गायकवाडबाई गेल्या हे त्यांच्या पुतण्यानं पडघ्याहून फोन करून सांगितलं, तेव्हा मी गच्चीवर जवळा वाळत घालत होते. फोन ठेवला, उरलेला जवळा पसरला, मग खाली आले. कावळे कोणाच्या मरणासाठी थांबत नाहीत. खाली येऊन बाईंची खोली उघडली आणि फळ्यासमोर बसून राहिले... रडले नाही. मला ते जमत नाही, आणि बाईंनाही रडणारी माणसं फारशी आवडत नसत.

शाळेतून निवृत्त झाल्यावर बाई भिवंडीत आमच्या तळमजल्यावर भाड्यानं राहायला आल्या. एकट्याच. जन्मभर विज्ञान शिकवलेलं, ते सुटेना. संध्याकाळी दहावीच्या मुली यायच्या, बहुतेक लूमवर काम करणाऱ्यांच्या घरच्या. मी दाराशी तांदूळ निवडत बसायची. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पुढं आईबरोबर मिठागरावर जायचं म्हणून शाळा सुटली. आतून ‘कवच, कवच’ ऐकू यायचं. मला वाटे, बाई बौद्ध, घरात देव नाही, मग या मुलींना कसलं कवच पाठ करायला लावतात? एकदा विचारलंच. त्या म्हणाल्या, हे देवीचं नाही, अणूभोवतीचं कवच आहे. मध्ये केंद्र, भोवती इलेक्ट्रॉन, आतल्या कवचात दोन मावतात, पुढच्यात आठ. म्हणजे आतली पंगत भरली की बाहेरची बसते, मी म्हटलं. हे त्यांना चाललं. तेव्हापासून मी तांदूळ घेऊन आत बसू लागले.

मग त्यांचा हात थरथरायला लागला. कंपवात. वर्तुळ वाकडं आलं तर भागतं, पण ठिपका एका कवचात द्यायचा तो दुसऱ्यात पडू लागला आणि रेश्मा नावाच्या मुलीनं तो तसाच उतरवून घेतला. त्या दिवशी बाई जिना चढून वर आल्या आणि म्हणाल्या, वर्ग बंद करते, चुकीचं शिकवण्यापेक्षा न शिकवलेलं बरं. मुलींची परीक्षा पुढ्यात होती. आणि वर्ग गेला तर बाईंजवळ दुसरं काही उरत नव्हतं, हे मला दिसत होतं.

“हात थरथरतो, तोंड न्हाय ना थरथरत? तुम्ही बोला. हात माझा घ्या,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी वाटी, ताटली आणि ताट घेऊन गेले. रेश्मानं विचारलं, “आजी, आज खाना इधरच है क्या?” मी तिलाच ताट फळ्यावर दाबून धरायला लावलं आणि भोवती खडू फिरवला. ताटाच्या आत ताटली, ताटलीच्या आत वाटी. गोल असे आले की बाई बघत राहिल्या. त्या दिवशी क्लोरीन होता. वाटीत दोन, ताटलीत आठ, ताटात सात. मी ताटात आठवा ठिपका देऊन टाकला. एक जागा मोकळी दिसत होती, आणि वाढताना ताटात मोकळी जागा ठेवायची आम्हाला सवय नाही. बाई खुर्चीतून उठल्या. “ताई, रिकामी जागा भरू नका. सगळं रसायनशास्त्र त्या जागेतच आहे.”

मग शेजारी सोडियम काढला. त्याच्या ताटात एकच ठिपका. बाई सांगत होत्या, सोडियम पाण्यात टाकला तर भडकतो आणि क्लोरीन छातीत गेला तर माणूस मरतो. पण सोडियमचा तो एक ठिपका क्लोरीनच्या रिकाम्या जागेत गेला की सोडियमची आठांची ताटली बाहेरची होते, क्लोरीनच्या ताटात आठ होतात, आणि दोघे एकमेकांना घट्ट धरतात. मी विचारलं, त्याचं काय होतं? मीठ, त्या म्हणाल्या.

माझा खडू तिथंच थांबला. लग्न होईपर्यंत मी खाडीकाठी मीठ ओढलं. पायांच्या भेगांत शिरायचं तेव्हा त्याला शिव्या दिल्या. आता तिथं गोदामं आहेत. दोन विषांचं ते अन्न, आणि एकेका खड्यात ही धराधरी मोजता येणार नाही इतक्या वेळा झालेली... कसला आवाज नाही, कोणाला पत्ता नाही.

“म्हणजे सोडियमनं पोरगी दिली,” मी म्हटलं. मुली हसल्या. बाई हसल्या नाहीत.

“अणूला काही हवं नसतं, ताई. मिठागरात भरतीचं पाणी कसं घ्यायचात?”

“बांधातली फळी उचलायची. उतार असतोच.”

“पाण्याला आत यायची हौस असते?”

“न्हाय.”

“तसंच. त्या दोघांच्या एकत्र राहण्यात उतार आहे.”

कोणाची इच्छा नाही, कोणाचा हुकूम नाही, आणि तरी जग सुटून पडत नाही. इतकी वर्षं देवळात गेले, पण अंगावर असा काटा आला नव्हता.

थंडीत बाईंचं उठणं-बसणं अवघड झालं आणि पुतण्या त्यांना पडघ्याला घेऊन गेला. कार्बन राहिला होता. बाईंनी तो फोनवरून शिकवला. आवाज इतका खोल गेलेला की मुली फोनभोवती डोकी लावून बसल्या. मिथेन काढायचा होता. मध्ये ताटली, चारी बाजूंना चार वाट्या, कडा ताटलीवर चढवलेल्या. त्या चढलेल्या जागेत दोन-दोन ठिपके, एक कार्बनचा, एक हायड्रोजनचा. बाईंनी विचारलं, आता ते दोन कोणाचे? रेश्मा म्हणाली, दोघांचे. धापा टाकत बाई “बरोबर” म्हणाल्या. तो त्यांचा शेवटचा वर्ग. फळा मी पुसला नाही.

बाई गेल्यावर थोड्याच दिवसांनी विज्ञानाचा पेपर होता, त्या दिवशी रेश्मा शाळेच्या कपड्यांतच बाईंच्या खोलीत आली. पेपरात मिथेन आला होता. “गोल एकदम टेढा आला, आजी.”

“आणि ठिपके?”

“ठिकाणावर.”

मग ती फळ्यापाशी उभी राहिली आणि विचारलं, जूनमध्ये नव्या मुली येणार का? खोलीला भाडेकरू बघावा असं माझ्या मुलाचं म्हणणं आहे. मी म्हटलं, खोली हाय, फळा हाय, बोलायला माणूस न्हाय. ती पायानं फरशी घासत म्हणाली, “मैं बोलूं?”

मी मोरीवर जाऊन फळ्याचं फडकं ओलं करून आणलं आणि तिच्या हातात दिलं.