सलमाच्या स्कार्फवरच्या मधमाश्या

मित्रांनो, आजचं सांगतो.

कॉलेज अर्धवट सोडून मी गाडी चालवतो. आज इथं शिकणाऱ्या परदेशी पोरांना देवगिरी किल्ला दाखवायला नेलं. त्यात सुदानची सलमा होती. मला लई आवडते, तिला माहीत नाय.

ऊन फार, म्हणून मीच तिला स्कार्फ भिजवायला लावला. किल्ला चढताना त्यावर मधमाश्या बसल्या. मी झटकायला हात उगारला.

पहारेकरी चाचा ओरडले, "हात खाली घे, येड्या! तहानल्यात त्या. एक मारलीस तर अख्खं मोहोळ उठंल!"

सलमा डोळे मिटून उभी होती. स्कार्फ सुकेपर्यंत मी हात खाली ठेवून उभा राहिलो. माश्या उडाल्या.

"तुम शांत रहे, थँक यू," ती म्हणाली.

तिला मराठी कळत नाय. मी माश्या मारणारच होतो, चाचांनी अडवलं, हे खरं तिला सांगू का?